संबंध संपुष्टात आणण्यात आला आहे

हेमंत पाटणकर सरांचं शालिवाहन शकावर जेवढं प्रेम आहे त्याच्या निम्मं जरी माझ्यावर असतं, तरी मी सुखी झाले असते, असं नीलिमाताई चारचौघांत बोलून दाखवत. सर नुसते हसत. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. लग्नपत्रिकेवर शके, घराच्या पाटीवर शके. एवढंच काय, मुलीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात त्यांनी जन्मसाल शके १९३४ असं घातलं होतं आणि मुख्याध्यापकांनी हात जोडून ते खोडायला लावलं होतं. इंग्रजी साल म्हणजे भाड्याची खोली, असं ते म्हणायचे. राहावं लागतं म्हणून राहायचं, जीव लावायचा नाही.

तर २०४४ सालच्या गुढीपाडव्याला गुढी उभी करून, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं न करता गिळून, सर बैठकीतल्या भिंतीवरच्या पडद्यापुढे उभे राहिले. हा पडदा म्हणजे घरातल्या यंत्रांचा कर्ता पुरुष. फ्रिज, गीझर, दोघांच्या हातातले फोन, सगळ्यांनी वेळ त्याच्याकडून घ्यायची आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तेही त्याच्याच मार्फत. सरांनी सेटिंग उघडलं. तिथे 'दिनांक आपोआप' असं होतं, ते बंद केलं. चैत्र म्हणजे पहिला महिना, प्रतिपदा म्हणजे पहिला दिवस. त्यांनी स्वतःच्या बोटाने टाकलं: १-१-१९६६. पडद्याने अदबीने विचारलं, "नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!" सर म्हणाले. "आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा, बरं का."

नीलिमाताईंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि सोडून दिलं. एसटीच्या आरक्षण खिडकीवर आयुष्य गेलेल्या बाईला कुठलं बोलणं ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं हे चांगलं कळतं. शिवाय आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. आज दुपारी चार ते सहा मिनू भेटणार होती. मृण्मयी, त्यांची एकुलती एक लेक. परवा ती चंद्रावर जायला निघणार होती, दोन वर्षांसाठी. उड्डाणाआधी सगळ्या तुकडीला माणसांपासून दूर काचेआड ठेवलं होतं, आणि घरच्यांशी शेवटची भेट व्हायची ती आजच, इंटरनेटच्या पानावर. सहाला ते पान बंद झालं की झालं. मग पुढचे कित्येक महिने फक्त कामाचे संदेश.

आणि हे सगळं एवढ्यावर थांबतं तर बरं. दिवाळीत बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मिनू काळ मोजणाऱ्या प्रयोगशाळेत होती. अणुघड्याळं हा तिचा विषय. चंद्रावर घड्याळ बसवायला जाणार, असं तिने फराळाच्या ताटावर सांगितलं आणि सरांचा तोल गेला. "इथे हजारो वर्षांचा इतिहास पडलाय, तो सोडून त्या भकास दगडावर कसला काळ मोजायला चाललीस?" इथपासून सुरुवात झाली, ती "गेलीस तर या घराशी तुझा संबंध संपला" इथपर्यंत गेली. मिनूने बॅग उचलली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आठ दिवसांपूर्वी नीलिमाताईंना पानाचा पत्ता आला, त्याखाली एकच ओळ होती: 'बाबांना यायचं असेल तर येऊ देत.'

बाबांनी ती ओळ वाचली आणि "हं" म्हणून पेपर उघडला. पण आज सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी दोनदा केली होती. नीलिमाताईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

आता इथे थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. क्वांटम संगणक स्वस्त झाले आणि इंटरनेटवरची जुनी कुलपं पटापटा निखळायला लागली. कितीही मजबूत कुलूप करा, काही तासांत फुटायचंच. तेव्हा शास्त्रज्ञांनी मजबुतीचा नाद सोडला आणि वेगळीच युक्ती काढली. कुलूप फुटायच्या आत बदलून टाकायचं. प्रत्येक पानावर एक मुद्रा असते, ती जेमतेम काही मिनिटं जगते. चोराने ती फोडेपर्यंत ती मेलेली असते आणि तिच्या जागी दुसरी आलेली असते. तुमचा ब्राउझर त्या मुद्रेवरची वेळ बघतो, आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुळली तर पान उघडतो. नाही जुळली तर समोरचा भामटा आहे असं धरून दार लावून घेतो. लोक तिला क्षणमुद्रा म्हणू लागले. सगळ्या जगाचा विश्वास असा घड्याळावर येऊन टेकला होता.

दुसरीकडे आवाजाची पत पार गेली होती. कुणाच्याही बोलण्याचे चार तुकडे हाती लागले की यंत्र हुबेहूब त्याच्यासारखं बोलायचं, खोकायचं, हुंदकेसुद्धा द्यायचं. आईच्या आवाजात रडून लेकराकडून हवं ते काढून घेणारे भामटे गावोगाव झाले होते. म्हणून फोनवरच्या आवाजावर कुणी भरवसा ठेवत नसे. खरं माणूस भेटायचं तर क्षणमुद्रेच्या पानावर, चेहरा दाखवून, आणि तेही घरच्या नोंदलेल्या यंत्रावरूनच.

चार वाजले. नीलिमाताई पदर सारखा करून पडद्यापुढे बसल्या. सर आतल्या खोलीत वाचत होते, म्हणजे पुस्तक उलटं धरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. ताईंनी पत्ता दाबला. एक गोल फिरला, फिरला आणि थांबला. पडद्यावर सरकारी मराठीत दोन ओळी उमटल्या:

'समोरील पक्षाशी असलेला आपला संबंध विश्वासार्ह नाही. सदर संबंध संपुष्टात आणण्यात आला आहे.'

नीलिमाताई पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी ते पुन्हा वाचलं. संबंध. संपुष्टात. दिवाळीत याच बैठकीत, याच खुर्चीवरून तो शब्द सुटला होता, आणि आज पोरीने तो जसाच्या तसा परत पाठवला होता. पण मी काय केलं होतं गं, मिनू? त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. तुझी बॅग मीच भरली ना? चकल्यांचा डबा मीच खुपसला ना तिच्यात?

"लागलं का?" आतून आवाज आला.

"नाही."

सर बाहेर आले. त्यांनी पडदा वाचला. शिक्षकी चेहरा, सहसा हलत नाही तो. पण आज हलला. ते ताईंच्या शेजारी बसले.

"माझेच शब्द," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं. मी म्हणालो ते तिने केलं."

"तुमचे शब्द तुम्हाला परत करायचे होते तर तुम्हाला करायचे," नीलिमाताई उसळल्या. "मला कशाला त्यात गोवलं?" आणि रागाच्या भरात त्यांनी समोर दिसेल ते बटण दाबलं. ते हवामानाचं निघालं. गोल फिरला. 'समोरील पक्षाशी असलेला आपला संबंध विश्वासार्ह नाही.'

दोघं पडद्याकडे बघत राहिले. ताईंनी नगरपालिकेचं पान दाबलं. तोच मजकूर. वाचनालयाचं दाबलं. तोच. ज्या दुकानातून सकाळी श्रीखंड आलं होतं त्याचं दाबलं. त्यांनीही संबंध संपुष्टात आणला होता.

"अहो," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "नगरपालिकेशी तुमचं कधी भांडण झालं होतं?"

"झालं होतं. पण एवढं नाही."

नीलिमाताईंना एकदम हसू फुटलं. छातीवरचा धोंडा अर्धा तरी सरकला. म्हणजे मिनू नव्हे, हे मेलं यंत्रच बिघडलंय! पण तो अर्धाच धोंडा होता. यंत्र बिघडलं असलं तरी घड्याळ चालू होतं. सहाला पान मिटणार, आणि आईबाप आलेच नाहीत असं मनात घेऊन पोरगी पृथ्वी सोडणार.

मग सुरू झाली खटपट. इंटरनेट तर चालू होतं. राउटरचा दिवा हिरवागार, रेडिओवर पाडव्याची गाणी छान वाजत होती, कारण रेडिओला मुद्राबिद्रा काही लागत नाही. फक्त पान तेवढं उघडत नव्हतं. सरांनी पडदा बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. वायर काढली, फुंकली, लावली. ब्राउझरने साठवलेलं सगळं पुसून टाकलं, त्यात ताईंच्या भाज्यांच्या पाककृतीही गेल्या. दुसरा ब्राउझर घातला. त्यानेही नमस्कार करून तेच ऐकवलं. दोघांचे फोन काढले. वेळ पडद्याकडूनच घेणारे ते, त्यांचा सूर वेगळा कसा लागणार?

शेवटी सरांनी पडद्यातल्याच मदतनिसाला हाक मारली. हा यंत्रातच राहणारा, म्हणून त्याला बाहेर जावं लागत नसे. आवाज मात्र लग्नात सनई वाजवायला आल्यासारखा उत्साही.

"आपली अडचण आम्ही समजू शकतो! आपलं इंटरनेट चालू आहे का?"

"आहे."

"छान! आपण यंत्र बंद करून चालू केलं का?"

"तीनदा."

"फारच छान! आपल्या यंत्राचा दिनांक बरोबर आहे का?"

"शंभर टक्के," सर छाती काढून म्हणाले. "सकाळी मी स्वतः लावलाय."

"अभिनंदन! मग अडचण समोरील पक्षाकडे आहे. आपण त्यांच्याशी संपर्क साधावा!"

"कसा साधू, तुझ्या कपाळावर?" सर ओरडले. त्यांना असं ओरडताना ताईंनी फक्त दिवाळीत ऐकलं होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"रेश्माकडे चला."

रेश्मा मुलाणी पलीकडच्या दारात राहायची. सरांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना सनावळ्या चुकवायची, आता स्वतः मोठ्या किराणा दुकानाची मालकीण. पाडव्याचं श्रीखंड खाऊन ती नुकतीच लवंडली होती. ताईंचा चेहरा बघून ताडकन उठली. तिच्या पडद्यावर मिनूचं पान पहिल्या झटक्यात उघडलं. प्रयोगशाळेचं चिन्ह आलं, निळा दरवाजा आला, आणि खाली अक्षरं: 'हे यंत्र नोंदलेलं नाही. प्रवेश नाही.'

"पान जिवंत आहे, काकू," रेश्मा म्हणाली. "म्हणजे तिने काही तोडलेलं नाही. वाट बघतीये ती."

हे ऐकून नीलिमाताईंना बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. वाट बघतीये. पलीकडे बसून, दाराकडे डोळे लावून.

पानाच्या तळाशी आवाजाचा एक क्रमांक होता, अगदीच अडीनडीला. रेश्माने तो लावून फोन ताईंच्या हातात दिला. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"कोण?" मिनूचा आवाज. कोरडा.

"अगं मी! आई! मिनू, आपलं पान उघडेना बघ, रेश्माकडून बोलतेय..."

"आजची तिसरी आई आहेस तू," मिनू म्हणाली. "पहिल्या आईला माझ्या घड्याळाचे आकडे हवे होते. दुसरी नुसतीच रडली. तुला काय हवंय?"

"काय हवंय म्हणजे? तुला बघायचंय गं! अगं, तू पहिलीत असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीत पडली होतीस..."

"ते माझ्या जुन्या फोटोखाली लिहिलेलं आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." आवाज तसाच, पण शेवटी जरासा कापला. "हे बघा, तुम्ही कुणीही असा. माझे आईबाबा आज आलेले नाहीत. आधीच जीव थाऱ्यावर नाही माझा. ठेवते मी."

"थांब!" सरांनी फोन ओढून घेतला. "मिनू, मी बोलतोय."

पलीकडून तोच कोरडा आवाज, पण आता थोडा सावध. "सांगा मग. आजची तारीख काय?"

कुठल्याही भामट्या यंत्राने पटकन तारीख सांगितली असती. सर भडकले.

"तारीख? मला तारीख विचारतेस? वर्षाचा पहिला दिवस आज! शालिवाहन शके एकोणीसशे सहासष्ट, रक्ताक्षी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा! आणि ती तुझी इंग्रजी तारीख हवी असेल तर दुसरा बाप शोध!"

फोनमधून एक विचित्र आवाज आला, आणि तो हसण्याचा की रडण्याचा हे आधी कळेना. दोन्ही होतं.

"बाबा!" मिनू म्हणाली. "बाबा, तुम्हीच आहात हो! जगातलं कुठलं यंत्र एवढं तिरसट बोलणार? मला वाटलं तुम्ही... जाऊ दे. आई, रडू नकोस. एक मिनिट. बाबा, खरं सांगा. घरातल्या पडद्यावर तारीख कोणती आहे?"

"हीच. सकाळी मी स्वतः..." सर बोलता बोलता थांबले.

"एकोणीसशे सहासष्ट घातलंत?"

"घातलं."

"अहो बाबा! त्याला वाटतंय आपण खरंच सहासष्ट साली आहोत! त्याच्यापुढे चव्वेचाळीस सालची मुद्रा येतेय. अजून जन्मायची आहे ती त्याच्या हिशोबाने. म्हणून तो सगळ्या जगाला भामटा म्हणतोय. पळा घरी! 'आपोआप'चं बटण चालू करा. फक्त तेवढंच करा!"

पाटणकर सर जन्मात पहिल्यांदाच इंग्रजी सालाकडे धावत गेले. इस्त्रीचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसरी रेश्माच्या दारात. नीलिमाताई मागून, आणि त्यांच्या मागून हसू दाबत रेश्मा, कारण तिला सनावळ्या चुकवल्याबद्दल याच सरांनी बाकावर उभं केलं होतं. सरांनी बटण दाबलं. पडद्याने डोळे चोळल्यासारखं केलं. गोल फिरला, निळा दरवाजा आला आणि उघडला.

मिनू समोर होती. पांढरे कपडे, केस बारीक कापलेले, डोळे सुजलेले. नीलिमाताईंनी पडद्यावर हात ठेवला आणि मनसोक्त रडून घेतलं. "वाळलीस," म्हणाल्या. "काय देतात खायला? केस का कापलेस?" मिनूने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. तिलाही तेच हवं होतं. रेश्मा दारातूनच हात हलवून निघून गेली.

सर जरा मागे उभे होते. मिनूनेच त्यांना हाक मारली.

"बाबा, तुम्हाला एक गंमत सांगू? संगणक मुळात साल मोजतच नाही. २०४४ वगैरे आपल्याला दाखवण्यापुरतं. आतून तो एका ठरलेल्या क्षणापासून नुसते सेकंद मोजत बसलेला असतो. तो क्षण म्हणजे इंग्रजी १९७० सालची सुरुवात."

"म्हणजे त्याचाही शक आहे?" सर पुढे सरकले.

"त्याचाही शक आहे. आणि तुम्ही बिचाऱ्याला त्याच्या शकाच्या चार वर्षं आधी नेऊन बसवलंत. तुमची शके तारीख हवी तर ती पडद्यावर दाखवायची वेगळी सोय आहे, मी लावून देते. चालवायचा काळ एक, दाखवायचा दुसरा."

सर खो खो हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मग त्यांच्यातला इतिहासाचा शिक्षक जागा झाला. "मग चंद्रावर कुठला शक चालतो?"

"कुठलाच नाही. त्यासाठीच तर जातेय." मिनू पुढे वाकली. "तिथे गुरुत्वाची ओढ कमी ना, त्यामुळे काळ इथल्यापेक्षा जरासा भराभर चालतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले पन्नास-साठ, रोज. दिसायला काहीच नाही, पण उतरणारी यानं त्यानेच चुकतात, आणि क्षणमुद्राही तिथे टिकत नाही. इथलं घड्याळ तिथे कामाचं नाही, बाबा. तिथे नवीन काळ सुरू करायला लागेल. आम्ही घड्याळ चालू केलं की तो शून्याचा क्षण. मग पुढची हजारो वर्षं चंद्रावरची माणसं तिथून मोजतील."

सर खुर्चीत बसले, पुन्हा उठले. नीलिमाताईंना वाटलं, पुन्हा काही बिनसलं की काय.

"शून्याचा क्षण कोण चालू करणार?" सरांनी विचारलं.

"मीच. माझंच घड्याळ आहे ना ते."

"नीलिमा," सर वळून म्हणाले, "मी जन्मभर पोरांना शिकवलं. मोठमोठ्या राजांनी लढाया जिंकल्या, तेव्हा कुठे त्यांच्या नावाने एकेक शक सुरू झाला. बोटावर मोजण्याइतके शककर्ते झाले या देशात. आणि आपली मुलगी शककर्ती आहे! आपली मिनू! आणि मी गाढव तिला जाऊ नको म्हणत होतो!" त्यांनी चष्मा काढला. "मिनू, दिवाळीत मी जे बोललो ते मागे घेतो. संबंध असा संपतो होय? रागाने बोललो. तू जाणार याची भीती वाटत होती मला, दुसरं काही नाही."

"माहीत आहे मला," मिनू म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "म्हणूनच ती ओळ लिहिली होती."

मग वेळ कसा गेला कुणालाच कळलं नाही. श्रीखंडाची वाटी पडद्याला दाखवून झाली, दारातली गुढी दाखवून झाली. निघताना मिनूने दोघांना वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "पहिला दिवस ठरला की मला लगेच कळव हं. म्हणजे इथे घरात पण..."

"खबरदार!" नीलिमाताई कडाडल्या. "त्या पडद्याला बोट लावाल तर! ती परत येईपर्यंत या घरात सगळं आपोआपच चालेल!"

सहा वाजता पान मिटलं तेव्हा मिनू पोट धरून हसत होती, आणि तिला तसंच हसताना बघून निरोप घेता आला याचं नीलिमाताईंना फार बरं वाटलं.